खरा आरपीजी कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आम्ही काही मित्र रविवारी संध्याकाळी एकत्र बसून व्हिडिओ गेम आणि फासे टाकून खेळायचे टेबलावरचे खेळ खेळतो. तिथे येणारी महाविद्यालयीन मुले, त्यांचे पालक आणि कधीकधी नुसते चहाला थांबलेले शेजारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे लिहून ठेवली आहेत. उत्तरे माझी आहेत. आमच्यातील निदान दोघांना ती मान्य नाहीत. त्यांचे आक्षेप जिथे रास्त वाटले, तिथे नोंदवले आहेत.

आरपीजी म्हणजे नेमके काय?

शब्दशः पाहिले तर ‘रोल प्लेइंग गेम’, म्हणजे भूमिका वठवण्याचा खेळ. रूढ ओळख मात्र जरा वेगळी आहे. आपल्याला एक पात्र मिळते, त्याची ताकद, बुद्धी, चपळाई आकड्यांत मांडलेली असते, लढाया आणि कामगिऱ्या पार पाडल्या की अनुभवाचे गुण मिळतात, ते साचले की लेव्हल वाढते, आणि हे सगळे एका लांबलचक कथेच्या ओघात घडते. ही ओळख चुकीची नाही, पण ती झाडाच्या पानांची ओळख आहे. पानांवरून झाड आंब्याचे आहे एवढे कळते. फळ मानकुराद आहे की नाही हे चाखल्याशिवाय कळत नाही.

मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. आपल्या भाषेत भूमिका वठवतात आणि भूमिका घेतातही. पहिल्या वेळी आपण दुसऱ्याचे सोंग आणतो, दुसऱ्या वेळी एखाद्या प्रश्नावर कुठे उभे राहायचे ते ठरवतो. ज्या खेळात पात्राचे सोंग आणता येते आणि त्या पात्राच्या वतीने ठाम भूमिकाही घेता येते, आणि अशी भूमिका घेतल्याचा परिणाम जो खेळ मान्य करतो, तो खरा आरपीजी, असे माझे मत आहे. पुढची बहुतेक उत्तरे याच मताभोवती फिरतात.

खेळ आवडला म्हणजे झाले; नावावरून एवढा वाद कशासाठी?

खेळणाऱ्याला आनंद झाला असेल तर वादाचे कारण नाही, हे खरे. परंतु नवा मोठा खेळ घ्यायला आज चार-पाच हजार रुपये मोजावे लागतात, आणि डब्यावर किंवा दुकानाच्या यादीत जे नाव असते त्यावर विसंबूनच माणूस ते मोजतो. आरपीजी म्हणून घेतलेल्या खेळात निवडीला जागाच नसेल, तर त्याची फसगत झालेली असते. दुसरे कारण असे की नाव सैल झाले की खेळ बनवणारेही सैल होतात: आकडे आणि लेव्हल घातल्या की आरपीजी झाला, असे एकदा मानले गेले की उरलेले अवघड काम कोणी करत नाही.

या प्रकाराची सुरुवात कुठे झाली?

बहुतेक लोक १९७४ हे वर्ष सांगतात. मला त्याच्या पाच वर्षे मागे जाणे आवश्यक वाटते.

१९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी लुटूपुटूच्या युद्धाचा एक खेळ मांडला. काळ नेपोलियनचा आणि ठिकाण ‘ब्राउनश्टाइन’ नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव. दोन सेना नेहमीप्रमाणे होत्याच, पण उरलेल्या खेळाडूंना वेस्ली यांनी गावचा महापौर, बँकेचा मालक, विद्यापीठाचा प्रमुख अशी माणसे वाटून दिली आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा हेतू दिला. सेना भिडण्याआधीच हे गावकरी एकमेकांना गाठून बोलू लागले, कारस्थाने रचू लागले, आणि ठरवलेली लढाई बाजूलाच राहिली. प्रयोग फसला, असे वेस्ली यांना वाटले. खेळाडूंना मात्र पुढच्या वेळी तेच हवे होते.

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन यांनी हीच कल्पना ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशात नेली. तिथे एका खेळाडूकडे सेना नव्हती, एकच पात्र होते, आणि ते पात्र एका बैठकीतून पुढच्या बैठकीत जात असे. गॅरी गायगॅक्स यांच्याकडे ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळाचे नियम होते. दोघांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे त्याच्या मुखपृष्ठावर ‘रोल प्लेइंग’ हे शब्द नव्हतेच. उपशीर्षकात त्याला युद्धखेळाच्या मोहिमांचे नियम म्हटले होते. ज्या खेळावरून साऱ्या आरपीजींची मापे घेतली जातात, त्याला स्वतःला ते नाव नंतर मिळाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की सुरुवातीला माणसे आणि त्यांचे हेतू आले, आकडे त्यांच्या मागून आले.

मग आकडे एवढे महत्त्वाचे कसे झाले?

टेबलावर पंच, म्हणजे खेळ चालवणारा आणि निकाल देणारा माणूस, बसलेला असतो. एखाद्या खेळाडूने ‘मी पहारेकऱ्याला त्याच्या आईची आठवण करून देतो’ असे म्हटले, तर नियमात तसे काही नसले तरी पंच क्षणभर विचार करतो, फासा टाकायला सांगतो आणि निकाल देतो. संगणकाला हे जमत नव्हते. त्याला मोजता मात्र उत्तम येत होते, म्हणून टेबलावरच्या खेळातले जे मोजण्याजोगे होते ते संगणकात आले आणि बोलण्याजोगे होते ते मागे राहिले.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विकसित झालेल्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर १९७५ मध्ये विद्यार्थ्यांनी असे पहिले खेळ लिहिले. त्यातील एकाचे नाव ‘पेडिट५’ असे रुक्ष आहे, कारण दुसऱ्याच कामासाठी राखून ठेवलेल्या जागेत तो लिहिला होता आणि त्या जागेचेच नाव त्याला चिकटले. १९८१ मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ आणि रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा’ हे दोन्ही खेळ ॲपल २ संगणकावर आले. हेच दोन खेळ आवडलेल्या युजी होरी यांनी १९८६ मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला. त्यानंतर जगभरच्या मुलांनी आरपीजी म्हणून जे पाहिले ते ताकद, जीव, जादू आणि सोने यांचे रकाने होते. तंत्राची मर्यादा ही अशी प्रकाराची ओळख होऊन बसली.

गॅरियट यांनाच याची जाणीव लवकर झाली असावी. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’ मध्ये शेवटी मारायचा कोणी राक्षस नाही. करुणा, न्याय, नम्रता असे आठ सद्गुण अंगी आणून ‘अवतार’ व्हायचे, हेच उद्दिष्ट. सुरुवातीला एक भविष्यवेत्ती आपल्याला नैतिक पेच घालते आणि उत्तरांवरून आपले पात्र ठरते. आंधळ्या दुकानदारीणबाईला कमी पैसे देऊन फसवता येते, पण पुढे प्रामाणिकपणाच्या परीक्षेत ते बाधते. अवतार हा शब्द आपल्याकडून गेला आणि खेळाच्या पडद्यावर जाऊन बसला, ही गोष्ट दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला वेगळीच गंमत देते.

लेव्हल वाढत असेल तर तो आरपीजी मानावा का?

नाही. २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ या बंदुकांच्या लढाईच्या खेळात ऑनलाइन खेळताना अनुभवाचे गुण मिळतात, पद वाढते आणि नवी शस्त्रे खुली होतात. त्याला कोणी आरपीजी म्हणत नाही आणि म्हणूही नये. उलट बाजूने पाहिले तर १९८६ च्या पहिल्या ‘झेल्डा’मध्ये अनुभवाचे गुण नाहीत, १९८७ च्या दुसऱ्यात आहेत, पण त्यामुळे दुसऱ्यातला नायक अधिक खोल माणूस झालेला नाही.

लेव्हलच्या हव्यासाची सर्वांत मार्मिक थट्टा टोबी फॉक्स यांच्या २०१५ च्या ‘अंडरटेल’ने केली आहे. ज्यांनी तो अजून खेळलेला नाही त्यांनी पुढचे वाक्य वगळावे. ज्याला आपण खेळभर अनुभवाचे गुण समजतो ते प्रत्यक्षात देहदंडाचे गुण होते आणि लेव्हल हे हिंसेचे माप होते, असे शेवटी सांगितले जाते.

मग आपली कसोटी कोणती?

मी एकच गोष्ट पाहतो: मी जो कोणी झालो आहे त्यामुळे हा खेळ मला कधी ‘नाही’ म्हणतो का?

हे मला कळले ते ‘मॉरोविंड’मुळे. २००२ चा हा खेळ मी बऱ्याच उशिरा, म्हापशातील एका मित्राच्या संगणकावर, पावसाळ्याच्या सुट्टीत खेळलो. त्यात तीन मोठी घराणी आहेत, आणि एका घराण्यात गेले की उरलेल्या दोघांची दारे बंद होतात. मी पहिल्याच दिवशी, फारसा विचार न करता, व्यापारी घराण्यात गेलो. आठवड्याने मला जादूगारांचे घराणे हवेसे वाटू लागले आणि त्यांनी मला उभे केले नाही. मी मित्राकडे तक्रार केली की खेळ सदोष आहे. त्याने शांतपणे विचारले, ‘तू त्यांचा नाहीस, तर त्यांनी तुला का घ्यावे?’ त्याच खेळात संघटनांमध्ये बढती हवी असेल तर नेमून दिलेली कौशल्ये खरोखर कमवावी लागतात. नुसती कामे उरकून भागत नाही.

याच मालिकेतील २०११ चा ‘स्कायरिम’ कितीतरी अधिक देखणा आणि लोकप्रिय आहे, मीही त्यात शेकडो तास घालवले आहेत. पण त्यात जेमतेम एखादा मंत्र येणारा कुऱ्हाडबहाद्दर जादूगारांच्या विद्यालयाचा प्रमुख होतो, आणि त्याच आठवड्यात चोरांचा आणि मारेकऱ्यांचाही नायक होतो, आणि कोणाला काही वावगे वाटत नाही. ज्या जगात कुठलेही दार बंद नाही, तिथे मी अमुक एक आहे असे म्हणण्याला अर्थ उरत नाही. (मराठीत म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. या खेळात नेमके उलटे होते: निम्म्या वाटेवर सोने उतू जाऊ लागते आणि सोंग काही केल्या उभे राहत नाही.)

नकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९७ चा ‘फॉलआउट’. त्यात पात्र घडवताना बुद्धीचा आकडा अगदी खाली ठेवला, तर संवादाचे पर्यायच बदलतात. पात्राला धड बोलता येत नाही आणि लोक त्याच्याशी तसेच वागतात. याउलट बोलण्याचे कौशल्य आणि पुरेसा पुरावा जवळ असेल तर शेवटच्या शत्रूला एकही गोळी न झाडता, त्याची योजनाच मुळात फोल आहे हे पटवून देऊन, संपवता येते. दोन्ही वेळा आकडा महत्त्वाचा आहे, पण तो तलवारीच्या घावासाठी नाही. जगाने मला कसे ओळखावे यासाठी आहे. मला आकड्यांचा राग नाही, हे येथे स्पष्ट झाले असावे.

आमच्यातील एकाचा आक्षेप असा की नोकरी-संसारातून महिन्याला चार तास काढणाऱ्या माणसाला बंद दारे दाखवणे म्हणजे त्याने पैसे देऊन घेतलेला निम्मा खेळ त्याच्यापासून लपवणे. आक्षेप रास्त आहे. बनवणाऱ्यांनी दारे उघडी ठेवण्यामागे बहुधा हेच कारण असते, आणि मला तो तोटा सोसूनही नकार हवा असतो, एवढेच मी म्हणू शकतो.

जपानी आरपीजीमध्ये कथा आधीच ठरलेली असते. मग ते खरे आरपीजी नव्हेत का?

हा सर्वांत अधिक भांडणाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर.

पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये सोडवून आणलेली राजकन्या नायकाला बरोबर नेण्याची विनंती करते. आपण ‘नाही’ म्हटले की ती पुन्हा तोच प्रश्न विचारते, आणि ‘हो’ म्हणेपर्यंत विचारत राहते. येथे नकार आहे, पण तो उलट्या दिशेचा: भूमिका घेण्याचा माझा अधिकारच खेळ नाकारतो. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मध्ये नायकाची साथीदार एरिथ मरते, आणि खेळाडूने काहीही केले तरी तिला वाचवता येत नाही. माझी कसोटी काटेकोरपणे लावली तर हे खेळ नापास होतात.

मात्र कसोटी लावून मोकळे होण्याआधी आपल्याच रंगभूमीकडे पाहावे. पेडण्यापासून वर सावंतवाडी-कुडाळपर्यंत जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. पौराणिक कथेचा सांगाडा ठरतो, कोण कोणते पात्र करणार हे ठरते, आणि पुढचे सगळे संवाद नट रंगमंचावर उभा राहून रचतो. समोरच्याने अनपेक्षित सवाल टाकला तर आपल्या पात्राला शोभेल असेच उत्तर त्याला तिथल्या तिथे द्यावे लागते. टेबलावरचा आरपीजी हा याच कुळातला. संगीत नाटकाचे तसे नाही. तिथे शब्द ठरलेले, पदे ठरलेली, शेवटही सर्वांना पाठ. तरीही मास्टर दीनानाथ मंगेशकर, जे याच फोंडा महालातील मंगेशीचे, ते पद कसे घेतात हे ऐकायला लोक पुन्हा पुन्हा जात. ठरलेल्या चौकटीत नटाला जागा होती ती गाण्यात. जपानी आरपीजीत खेळाडूची जागा तशीच लढाईच्या रचनेत असते: कोणाला संघात घ्यावे, कोणाला कोणती विद्या शिकवावी, संकटाच्या वेळी औषध आधी कोणाला द्यावे. ही भूमिका वठवणे आहे, भूमिका घेणे नाही. त्यांना मी आरपीजीच म्हणतो, फक्त ‘खरा’ हे विशेषण लावताना माझी जीभ अडखळते.

जपानी बनवणाऱ्यांनाही ही वेगळी पाटी नेहमीच आवडते असे नाही. ‘फायनल फँटसी १६’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की ‘जेआरपीजी’, म्हणजे जपानी आरपीजी, हा शब्द पहिल्यांदा कानांवर आला तेव्हा तो त्यांना भेदभाव करणारा वाटला होता. आपला खेळ कोणत्या देशात झाला यावरून त्याला वेगळ्या पंगतीत बसवले जाणे कोणालाही खुपेल.

टेबलावरच्या खेळात असे काय आहे, जे संगणकावर मिळत नाही?

एक प्रसंग सांगतो. आमच्या शेजारी एक काका राहतात, ज्यांनी अनेक वर्षे जत्रांतून दशावतारात राजाची कामे केली आहेत. एका रविवारी ते नुसते पाहायला आले आणि आग्रहावरून एक पात्र घेऊन बसले. राज्यातून हाकलून दिलेला, भावाला परत न येण्याचा शब्द देऊन निघालेला राजपुत्र, असे ते पात्र होते. आकड्यांचा कागद त्यांनी उलटा ठेवला. दुसऱ्या तासाला पंच म्हणून बसलेल्या मुलाने एका सरदाराकरवी पाचशे सुवर्णमुद्रांच्या मोबदल्यात राजधानीत परतण्याचा प्रस्ताव ठेवला. सगळ्यांना मुद्रा हव्या होत्या, कारण चिलखते घ्यायची होती, आणि पंचाने पुढची सगळी संध्याकाळ राजधानीतच आखून ठेवली होती. काकांनी विचारले, ‘बाबा रे, हा भावाला शब्द देऊन आलेला आहे. पैशासाठी तो मोडेल, तर मग मी कोणाचे काम करतो आहे?’ ते उठून उभे राहिले आणि सरदाराला पाच मिनिटांचे असे उत्तर दिले की चहा निवला. पंचाला आपली आखणी गुंडाळावी लागली. आमच्यातील दोघे त्यांच्यावर चिडले होते, हेही सांगितले पाहिजे.

संगणक आखणी गुंडाळू शकत नाही. त्याला आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांतूनच उत्तर द्यावे लागते. बनवणाऱ्यांनी किती उत्तरांची तजवीज करून ठेवली, एवढाच फरक चांगल्या-वाईटात उरतो. बेल्जियमच्या लारियन या कंपनीचा २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ या बाबतीत फार पुढे गेला. संवादात वीस बाजूंचा फासा पडद्यावर घरंगळतो आणि हरलो तरी गोष्ट पुढे चालू राहते.

‘विचर’सारख्या खेळात पात्र आयतेच मिळते. ते चालेल का?

चालेल. २०१५ च्या ‘विचर ३’मध्ये आपण गेराल्ट हा आधीच ठरलेला नायकच असतो, दुसरे कोणी होता येत नाही. पण कर्णाचे काम करणाऱ्या नटालाही पांडवांकडे जाता येत नाही. तरी कृष्णाला नकार देताना त्याचा कर्ण संतापलेला असेल, थकलेला असेल की मनातून हललेला, हे नटच ठरवतो. गेराल्टच्या बाबतीत खेळ ही मुभा देतो आणि तिचे परिणाम पुष्कळ वेळाने, आपण विसरून गेल्यावर, समोर आणतो.

‘डार्क सोल्स’ आरपीजी आहे का?

त्यात आकडे आहेत, शस्त्रे पेलायला ताकद लागते, पात्र मनासारखे घडवता येते. परंतु २०११ च्या या खेळात लेव्हल एकदाही न वाढवता शेवटपर्यंत जाणारे लोक आहेत, कारण तिथे अखेर खेळाडूचे हात आणि डोळे जिंकतात. जिथे पात्राला जमत नाही ते माझ्या हाताला जमले म्हणून चालून जाते, तिथे पात्र हा अंगरखा ठरतो. ‘मॉरोविंड’मध्ये तलवार शत्रूच्या अंगातून जाताना दिसते आणि तरीही, पात्र नवखे असल्यामुळे, घाव चुकला असे फासा सांगतो, नव्या खेळाडूला ते हास्यास्पद वाटते, पण तिथे निदान कोण लढतो आहे याबद्दल शंका नाही. २००० च्या ‘डेउस एक्स’ने मधला मार्ग काढला होता: नेम मी धरायचा, पण पात्राचे बंदुकीचे कौशल्य कमी असेल तर नेम स्थिर व्हायला वेळ लागायचा. तो मार्ग मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटतो.

ज्यात लढाईच नाही असा आरपीजी असू शकतो का?

असू शकतो, आणि ‘डिस्को एलिसियम’ हा तो आहे. २०१९ च्या या खेळात बंदरालगतच्या, गोदी कामगारांचा संप चालू असलेल्या वस्तीत एक स्मृती गमावलेला पोलीस खुनाचा तपास करतो. लढाईची वेगळी यंत्रणा नाही. चोवीस कौशल्ये आहेत आणि ती त्याच्याच डोक्यात त्याच्याशी हुज्जत घालतात. दोन फासे पडतात, आणि हरलेला डावसुद्धा नवा प्रसंग, बहुधा नवी फजिती, घेऊन येतो. ब्राउनश्टाइनच्या गावकऱ्यांना हा खेळ ताबडतोब ओळखीचा वाटला असता.

फुटबॉलच्या खेळातील करिअर मोडला आरपीजी का म्हणू नये?

गोव्यात हा प्रश्न येणारच, आणि तो वाटतो तितका थट्टेचा नाही. खेळाडूचे आकडे असतात, ते सरावाने वाढतात, क्लब बदलता येतो. २०१६ च्या ‘फिफा १७’मध्ये तर ॲलेक्स हंटर या तरुणाची कथा होती आणि पत्रकारांना थंडपणे, संयमाने की तडकून उत्तर द्यायचे हे निवडता येत असे. माझ्या मते आरपीजीच्या उंबरठ्यावर तो येऊन थांबला. आत यायला हवे होते ते असे काही की हंटर अमुक स्वभावाचा झाला म्हणून एक मार्ग त्याला कायमचा बंद व्हावा.

ऑनलाइन हजारो लोकांबरोबर खेळायच्या आरपीजींचे काय?

२००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये भूमिका वठवू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळे सर्व्हर राखून ठेवले होते. म्हणजे उरलेल्या सर्व्हरवर त्याची अपेक्षा नव्हती. याहून अधिक मी काय सांगणार?

मोबाइलवरच्या जाहिरातींत दिसतात ते आरपीजी?

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पैसे भरून नशिबाने पात्रे मिळवायची आणि लढाई आपोआप चालू ठेवून जेवायला जायचे, याला खेळ म्हणायलाही मी कचरतो. सन्माननीय अपवाद आहेत, पण ते बहुतेक जुन्या संगणकीय खेळांच्या मोबाइल आवृत्त्या आहेत.

आधी सेव्ह करून हवा तो निकाल येईपर्यंत फासा टाकत राहणे गैर आहे का?

जून-जुलैत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे दर दहा मिनिटांनी सेव्ह करणाऱ्यास मी दोष देणार नाही. पण हरलेला डाव पुसण्यासाठी मागे जाणे म्हणजे खेळाने दिलेला नकार आपणच खोडून काढणे, आणि मग आपले पात्र कधीच चुकत नाही, कोणाचा शब्द मोडत नाही, कोणाला गमावत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये नंतर आलेल्या ‘ऑनर मोड’मध्ये एकच सेव्ह असते आणि मागे फिरता येत नाही. पहिल्या खेपेस तो घेऊ नये. दुसऱ्या खेपेस अवश्य घ्यावा.

यावर सर्वमान्य व्याख्या कधी होईल का?

मला तसे वाटत नाही. २००८ मध्ये बर्लिनमध्ये जमलेल्या काही जाणकारांनी ‘रोगलाइक’ या शेजारच्या प्रकारासाठी, म्हणजे १९८० च्या ‘रोग’ या खेळाच्या वंशजांसाठी, लक्षणांची यादी केली आणि त्यांत जास्त महत्त्वाची व कमी महत्त्वाची असे दोन वर्ग पाडले. यादी काळजीपूर्वक केलेली होती. आज त्या नावाखाली विकले जाणारे कितीतरी खेळ तिच्यात बसत नाहीत आणि कोणाचे अडलेही नाही.

बनवणाऱ्यांची व्याख्या पाहायची असेल तर २०१२ चा ‘मास इफेक्ट ३’ पाहावा. सुरुवातीलाच तो तीन पर्याय देतो. ‘ॲक्शन’ निवडला तर संवादातील उत्तरे खेळच देऊन टाकतो, ‘स्टोरी’ निवडला तर लढाई अगदी सोपी होते, आणि ‘रोल प्लेइंग’ निवडला तर उत्तरे आपण द्यायची व लढाईही नेहमीची. म्हणजे उत्तर देण्याचा अधिकार काढून घेतला की भूमिका संपते, हे त्यांनी मेनूतच लिहून ठेवले.

भारतीय किंवा मराठी आरपीजी आहे का?

पुण्यातील नॉडिंग हेड्स या संस्थेचा २०२० चा ‘राजी’ अनेकांना आठवतो. त्याचे चित्रण सुंदर आहे, कथेत आपल्या पुराणांचा आधार आहे, पण तो ॲक्शन ॲडव्हेंचर प्रकारातला खेळ आहे आणि तसाच तो ओळखला जातो. मराठीतून संवाद असलेला, भूमिका घेऊ देणारा मोठा खेळ माझ्या पाहण्यात आलेला नाही. रात्रभराची जत्रा, दशावताराची एक मंडळी, आणि ऐनवेळी न आलेला नट, एवढ्या सामग्रीवर तो बेतता येईल. कोणी विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असेल तर त्याने हा खुशाल घ्यावा.

सुरुवात कोणत्या खेळाने करावी?

संगणक जुना असेल तर ‘फॉलआउट’ने. तो आज दिसायला ओबडधोबड वाटतो, पण लहान आहे आणि कुठल्याही यंत्रावर चालतो. पहिल्या खेपेस बुद्धी आणि बोलणे यांचे आकडे चांगले ठेवावेत, आणि खेळ संपला की बुद्धी तळाला नेऊन पुन्हा सुरुवात करावी. इंग्रजी वाचनाचा कंटाळा नसेल तर त्यानंतर ‘डिस्को एलिसियम’ घ्यावा. चार मित्र जमत असतील तर मात्र संगणक बंद ठेवून वीस बाजूंचा एक फासा आणावा, एकाने पंच व्हावे, आणि शक्य असल्यास शेजारच्या एखाद्या नाटकवेड्या काकांना चहाला बोलवावे.